महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत आणि मंत्रालयाचा ताबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक होते, नगरसेवक येतात, सरपंच येतात, तरी पुलाच्या मंजुरीपासून घरपट्टीच्या सवलतीपर्यंत बहुतेक निर्णय मुंबईत मंत्रालयात होतात. असं का? कायदा काय सांगतो, व्यवहारात काय घडतं आणि यात बदलण्यासारखं काय आहे, याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत. जिथे तुलनेने काही उमगतं तिथे इतर राज्यं आणि देशही आले आहेत.

भारत संघराज्य आहे. मग त्यात पालिका आणि पंचायती कुठे बसतात?

खरं सांगायचं तर मूळ घटनेत त्यांना बसायला जागाच नव्हती. घटनेने अधिकार वाटले ते केंद्र आणि राज्य या दोघांत. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पाचव्या क्रमांकावर ‘स्थानिक शासन’ हा विषय आहे. म्हणजे स्थानिक संस्था कशी असावी, तिला काय द्यावं आणि काय काढून घ्यावं, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. ग्रामपंचायतींचा उल्लेख अनुच्छेद ४० मध्ये होता, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही.

परिणाम असा की जी राज्यं केंद्राकडे ‘आमचे अधिकार आम्हाला द्या’ म्हणून भांडतात, तीच राज्यं आपल्या शहरांशी आणि गावांशी वागताना केंद्राचीच भूमिका घेतात. यात कोणताही पक्ष अपवाद नाही.

७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली ना? त्यानंतर तर सगळं बदललं असं शाळेत शिकवतात.

बरंच बदललं, पण अर्धंच. १९८९ मध्ये पंचायतींसाठी आणलेलं ६४वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडलं. पुढे ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि शहरांसाठीची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यांनी चार गोष्टी पक्क्या केल्या: पाच वर्षांची मुदत, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. या गोष्टींवर राज्याची मर्जी चालत नाही, निदान कागदावर तरी. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. त्यामुळे गावोगावच्या सत्तेचा चेहरा खरोखर बदलला आणि हे यश मोठं आहे.

मात्र कामं आणि पैसा यांच्या बाबतीत घटना सावध राहिली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८. हे विषय आपोआप त्यांच्याकडे जात नाहीत. अनुच्छेद २४३-जी आणि २४३-डब्ल्यू ते राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडतात. किती द्यायचं, कोणत्या अटींवर द्यायचं, सोबत कर्मचारी आणि निधी द्यायचा की नाही, हे राज्यच ठरवतं. नगररचना हा बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय, आणि त्यावरच राज्याची पकड सगळ्यात घट्ट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १५४ सरकारला नियोजन प्राधिकरणांना निर्देश देण्याचा अधिकार देतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली. एकसारख्या नियमांमुळे परवानग्या सोप्या झाल्या हे मान्य करायला हवं. पण कोकणातल्या पावसाळी गावठाणाला आणि मराठवाड्यातल्या कोरड्या शहराला आपापले नियम करण्याची जी थोडीफार वाट होती, ती अरुंद झाली.

राज्य सरकार महापालिकेचा ठराव रद्द करू शकतं का?

हो. मुंबईचा कायदा वेगळा आहे, तो १८८८ चा. इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचं कलम ४५१ वापरून सरकार एखाद्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतं, महापालिकेचं म्हणणं मागवतं आणि नंतर तो कायमचा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यात असाच स्थगितीचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. ‘ठराव विखंडनासाठी पाठवला’ हे वाक्य पालिकेच्या बातम्या वाचणाऱ्याला नवं नाही.

हा अधिकार असू नये असं म्हणणं नाही. एखाद्या सभागृहाने बहुमताच्या जोरावर बेकायदा भूखंड वाटला तर कुणीतरी तो थांबवायलाच हवा. अडचण कलमाच्या व्याप्तीत आहे. ठराव कायद्याच्या विरुद्ध आहे, एवढ्याच कारणाने नव्हे, तर त्याने निधी वाया जाईल किंवा लोकांना त्रास होईल असं सरकारचं मत झालं तरी हात घालता येतो. कायदेशीर निर्णय चुकीचा ठरू शकतो, पण तो चुकीचा ठरवण्याचा हक्क त्या शहराच्या मतदारांचा आहे.

आयुक्त मोठा की महापौर?

कारभाराच्या दृष्टीने आयुक्त. अंमलबजावणीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे असतात आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं. महापौरांची मुदत अडीच वर्षांची. ते सभेचं कामकाज चालवतात, शहराच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करतात, पण एखाद्या अभियंत्याला थेट आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. कायद्यात आयुक्तांना परत पाठवण्याची एक वाट आहे: एकूण सदस्यांपैकी ५/८ जणांनी ठराव केला तर सरकारने त्यांना परत बोलवावं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने प्रचंड बहुमताने असा ठराव केला. तरीही आयुक्त लगेच गेले नाहीत, त्यांची बदली मार्च २०१७ मध्ये झाली. त्या वेळी अनेक नागरिक आयुक्तांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते आणि त्यांची कारणं समजण्यासारखी होती. तरी प्रश्न उरतोच: लोकांनी निवडलेलं सभागृह कायद्यातली तरतूद वापरूनही आपला मुख्य अधिकारी बदलू शकत नसेल, तर त्या सभागृहाला जबाबदार कसं धरायचं?

याला पर्याय आहे. कोलकात्यात महापौर आणि त्यांचं महापौर परिषद नावाचं मंडळ प्रत्यक्ष कारभार पाहतं. मध्य प्रदेशात महापौर थेट निवडून येतात. महाराष्ट्रानेही १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरसाठी महापौर परिषदेचा प्रयोग केला होता, पण १९९९ मध्ये तो गुंडाळला. एका वर्षात कोणत्याही पद्धतीची परीक्षा होत नाही.

जिल्हा परिषदेत स्थिती थोडी वेगळी आहे. तिथे अध्यक्ष आणि विषय समित्यांचे सभापती यांना वजन असतं, कारण वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आलेल्या १९६१ च्या कायद्याने सुरुवातीला झेडपीला खूप काही दिलं होतं. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती विस्तार, सगळं तिच्याकडे. पुढच्या काळात योजना एक-एक करून राज्याच्या खात्यांकडे आणि जिल्हा पातळीवरच्या स्वतंत्र यंत्रणांकडे सरकल्या. झेडपीच्या जुन्या सदस्यांशी बोललं की ही खंत हमखास ऐकायला मिळते.

आमच्या शहरात वर्षानुवर्षं प्रशासक होता. घटनेत पाच वर्षांची मुदत आहे, मग हे घडलंच कसं?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत स्थानिक लोकशाहीचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू स्पष्ट आहेत. मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी. संस्था मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेसंबंधीच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत पाळणं बंधनकारक आहे आणि नैसर्गिक आपत्तीसारख्या अगदी असाधारण परिस्थितीखेरीज सबब चालणार नाही.

तरीही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक आणि बहुतेक झेडपींचीही तीच गत झाली. कारण ओबीसी आरक्षणाचं सांगितलं गेलं. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या आरक्षणासाठी तीन कसोट्या सांगितल्या: स्वतंत्र आयोग नेमा, त्याच्या शिफारशींनुसार संस्थानिहाय प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवायलाच हवा होता. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. पण त्याच काळात राज्याने प्रभाग रचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले, सत्तांतर झालं, आधीची रचना बदलली गेली, त्याविरुद्ध याचिका झाल्या आणि सगळं न्यायालयात अडकून पडलं. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घ्या असा आदेश दिला, आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ची अंतिम मुदत घातली. नगरपालिका-नगरपंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झालं, २९ महापालिकांचं १५ जानेवारी २०२६ रोजी.

म्हणजे मुंबईत जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. या काळात दर वर्षी अर्थसंकल्प सादर झाला, मंजूरही झाला. २०२५-२६ चा होता ७४,४२७ कोटी रुपयांचा, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा. तो मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. स्थायी समिती नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, प्रभाग समितीत उभं राहून ‘आमच्या गल्लीत पाणी का येत नाही’ असं विचारणारं कुणी नाही. प्रशासक प्रामाणिक असला तरी त्याची जबाबदारी वर असते, खाली नसते.

कधी चार सदस्यांचा प्रभाग, कधी एकाचा. कधी सरपंच थेट, कधी सदस्यांमधून. हे सारखं कोण बदलतं?

राज्य सरकार, आणि दर वेळी सत्तेत असलेल्याच्या सोयीने. मुंबई सोडून इतर महापालिकांचा क्रम पाहा: २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. नंतर कायदा पुन्हा एकवर, मग तीनवर, मग चारवर गेला. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. थेट नगराध्यक्षाचंही तसंच: २०१६, २०२०, २०२२. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७.

यातली प्रत्येक पद्धत समर्थन करण्याजोगी आहे. थेट सरपंचाला सदस्य ओलीस धरू शकत नाहीत. सदस्यांमधून निवडलेल्या सरपंचाला बरोबरीच्यांना घेऊन चालावं लागतं. पण मतदाराला आपला प्रतिनिधी कोण हे कळण्याआधीच खेळाचे नियम बदलत असतील, तर मागच्या कामाचा हिशेब कुणाकडे मागायचा? चार सदस्यांच्या प्रभागात रस्ता खचला की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. हा अनुभव शहरांतल्या मतदाराने पुरेसा घेतला आहे. निवडणुकीची पद्धत एकदा ठरली की निदान दोन निवडणुका तीच राहील, एवढं बंधन कायद्यात सहज घालता येईल.

पालिकेकडे पैसा कुठून येतो? आणि जकात गेल्याने नक्की काय बिघडलं?

स्वतःचे म्हणता येतील असे स्रोत थोडे: मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क, जाहिरात-बाजार यांची फी. बाकी राज्याचं अनुदान, मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार (तोही राज्याच्या तिजोरीतून फिरून येतो), आणि केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी.

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हा मोठ्या शहरांचा कणा होता. ती वाईट पद्धत होती यात शंका नाही: नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा, चिरीमिरी, वाया जाणारं डिझेल. बहुतेक महापालिकांमध्ये तिची जागा एलबीटीने (स्थानिक संस्था कराने) घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही संपली. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली, स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरच्या कराची नोंदच काढून टाकली. एकट्या मुंबईचं वर्षाला सुमारे ७ हजार कोटींचं उत्पन्न गेलं. त्याची भरपाई देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा केला आणि दर वर्षी ८ टक्के वाढ धरून रक्कम द्यायची ठरवलं. हे महाराष्ट्राने चांगलं केलं, हे नोंदवायला हवं.

तरीही एक मूलभूत बदल झाला. पूर्वी शहरात व्यापार वाढला की शहराची तिजोरी वाढायची. आता महापालिकेने काहीही केलं, उद्योग आणले, बाजार वाढवले, तरी हाती येणारा धनादेश सूत्रानेच येतो. जीएसटी परिषदेत केंद्र आहे, राज्यं आहेत, शहरं नाहीत. देशाच्या अप्रत्यक्ष करांचा मोठा भाग शहरांतल्या व्यवहारांतून उभा राहतो आणि त्याच्या वाटपाच्या टेबलावर एकाही शहराला खुर्ची नाही.

राज्याने शहराच्या खिशातून उदार होण्याचं उदाहरणही जवळचंच आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. छोट्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना दिलासा मिळाला, त्याबद्दल वाद नाही. पण महसूल महापालिकेचा होता आणि तो सोडण्याचा निर्णय, निवडणूक तोंडावर असताना, दुसऱ्याच सभागृहाने घेतला. ज्याने कर माफ केला त्याने ती तूट भरून द्यावी, हा नियम साधा आहे आणि तो कायद्यात असायला हवा.

ग्रामपंचायतींना तर वित्त आयोगाचा पैसा थेट मिळतो ना?

मिळतो, आणि १४व्या वित्त आयोगापासून तो खूप वाढला. १५व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या ग्रामीण संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचवले. पण त्यातले ६० टक्के बंधित होते: पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेल्या ४० टक्क्यांतही ‘वरून’ सूचना येत. शिवाय निवडून आलेली संस्था नसेल तर हा निधी अडतो. म्हणजे निवडणूक लांबवण्याची शिक्षा गावाला दुहेरी बसते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तव्यवहाराचा जो अहवाल काढला, त्यानुसार पंचायतींच्या एकूण उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा सुमारे १ टक्का आहे. घरपट्टी वसूल करायला सरपंच कचरतात, कारण थकबाकीदार हा शेजारी असतो, भावकीतला असतो, मतदार असतो. जी संस्था आपल्या लोकांकडून पैसे मागत नाही, तिला वरच्या सूचना झुगारण्याचं बळ येत नाही.

एमएमआरडीए, सिडको, पीएमआरडीए यांचं पालिकेशी नातं काय?

मुंबई आणि पुणे महानगर प्रदेशांची विकास प्राधिकरणं (एमएमआरडीए, पीएमआरडीए) आणि नवी मुंबई वसवणारी सिडको, ही प्राधिकरणं आणि कंपन्या राज्याच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या आहेत. मेट्रो, उड्डाणपूल, मोठे रस्ते, नव्या नगरांची आखणी हे काम त्या करतात आणि बांधून झालं की देखभाल बऱ्याचदा पालिकेच्या गळ्यात येते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं नियोजन एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) करतं, महापालिका नाही. महानगराचं नियोजन करणाऱ्या समितीत लोकप्रतिनिधी बहुमतात असावेत असं घटनेतला २४३-झेडई अनुच्छेद सांगतो. प्रत्यक्षात निर्णय प्राधिकरणाच्या बैठकीत होतात.

जिल्हा नियोजन समिती तरी जिल्ह्याच्या हातात आहे का?

घटनेनुसार तिचे किमान ४/५ सदस्य झेडपी आणि पालिकांच्या सदस्यांमधून निवडून यायला हवेत. महाराष्ट्रात तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, म्हणजे राज्य मंत्रिमंडळातले मंत्री. पालकमंत्रिपदासाठी पक्षापक्षांत होणारी ओढाताण पाहिली की जिल्ह्याच्या निधीची सूत्रं कुठे आहेत ते कळतं. झेडपी अध्यक्षांनी हे पद भूषवावं, ही मागणी जुनी आणि योग्य आहे.

शहरापेक्षा आदिवासी गावाला जास्त स्वायत्तता आहे, हे खरं आहे का?

काही बाबतींत हो. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला, म्हणजे थेट गावाला, अधिकार दिले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याहून आधीची आहे. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूची वाहतूक परवानगी ग्रामसभा स्वतः देऊ लागली. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांना विचारलं गेलं म्हणून. जंगलाची मालकी आणि उत्पन्न हातात असेल तर स्वायत्तता खरी होते, हे या गावांनी दाखवलं. महाराष्ट्रात पेसाचे नियम मात्र २०१४ मध्ये आले, कायद्यानंतर तब्बल १८ वर्षांनी.

केरळचं नाव नेहमी घेतलं जातं. तिथे वेगळं काय झालं?

१९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना देण्याचा निर्णय झाला. आधी पैसा दिला, मग त्यामागे नियोजनाचं प्रशिक्षण, ग्रामसभा आणि कर्मचारी आले. आपल्याकडे क्रम उलटा असतो: ‘आधी क्षमता सिद्ध करा, मग निधी देऊ.’ हातात पैसाच नसेल तर क्षमता सिद्ध कशाच्या जोरावर करायची? केरळने पुढे पंचायतीचा ठराव रद्द करण्यापूर्वी सरकारने लोकपाल किंवा न्यायाधिकरणाकडे जावं, अशीही तरतूद केली. नियंत्रण तिथेही आहे, पण ते मंत्र्याच्या टेबलावर संपत नाही.

इतर संघराज्यांत काय चित्र आहे?

आपल्यासारखीच दुखणी खूप ठिकाणी आहेत. अमेरिकेत १८६८ मध्ये आयोवाचे न्यायमूर्ती डिलन यांनी मांडलं की शहरं ही राज्याची निर्मिती आहे आणि राज्य देईल तेवढेच अधिकार त्यांना. त्याला उत्तर म्हणून १८७५ मध्ये मिसूरी राज्याने शहरांना स्वतःची सनद लिहिण्याचा हक्क घटनेतच दिला, आणि मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. कॅनडात २०१८ मध्ये निवडणुकीचा प्रचार चालू असताना ऑन्टारिओ प्रांताने टोरांटोच्या नगरसेवकांच्या जागा ४७ वरून २५ वर आणल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवलं, कारण १८६७ च्या घटनेत पालिका प्रांतांच्या ताब्यात आहेत. ऑस्ट्रेलियात स्थानिक शासनाला घटनेत जागा द्यावी यासाठी १९७४ आणि १९८८ मध्ये सार्वमत झालं, दोन्ही वेळा ते फेटाळलं गेलं.

उलट ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेने पालिकांना संघराज्याचे घटक मानलं. नायजेरियात राज्यांचे गव्हर्नर (तिथे ते निवडून आलेले राज्यप्रमुख असतात) स्थानिक संस्थांचा निधी मध्येच रोखतात ही तक्रार इतकी वाढली की ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७७४ स्थानिक संस्थांना केंद्राचा पैसा थेट द्यायला सांगितलं.

नियंत्रण काढून टाकलं तर गावोगावी भ्रष्टाचार आणि दादागिरी माजणार नाही का?

ही भीती खोटी नाही, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परखडपणे मांडली होती. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांची जागा असल्याचं सांगून त्यांनी व्यक्तीला घटनेचा घटक मानलं. ज्या वस्तीला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, तिला ‘गावाची स्वायत्तता’ हे शब्द धमकीसारखे वाटणं स्वाभाविक होतं. आजही दलित सरपंचाला खुर्चीवर बसू न देणं, महिला सरपंचाच्या नावाने नवऱ्याने कारभार हाकणं थांबलेलं नाही. म्हणून वरच्या पातळीची ढाल हवीच.

पण कोणत्या प्रकारची? जर्मनीच्या मूलभूत कायद्यातला अनुच्छेद २८ गावांना आणि शहरांना आपले स्थानिक प्रश्न स्वतःच्या जबाबदारीवर हाताळण्याचा हक्क देतो. त्यांच्या स्वतःच्या कामांत राज्य एवढंच तपासतं की निर्णय कायद्यात बसतो का. तो शहाणपणाचा आहे का, हे राज्य तपासत नाही. राज्याने सोपवलेल्या कामांत मात्र दोन्ही तपासता येतं. आणि हक्कावर गदा आली तर पालिका घटना न्यायालयात जाऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत प्रांताने एखाद्या पालिकेचा कारभार हाती घेतला तर १४ दिवसांत केंद्रीय मंत्री, प्रांतिक विधिमंडळ आणि प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेला लेखी कळवावं लागतं आणि वरून नापसंती आली तर माघार घ्यावी लागते.

आपल्यालाही याच दिशेने जायला हवं असं आम्हाला ठामपणे वाटतं. लेखापरीक्षण कडक असावं. आरक्षण, मूलभूत हक्क, पिण्याच्या पाण्याचे निकष यांवर राज्याने तसूभरही सूट देऊ नये. हस्तक्षेप केला तर कारणं लेखी असावीत, मुदत ठरलेली असावी, आणि अपील मंत्र्याकडे नव्हे तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे असावं. सरपंचाला अपात्र ठरवण्याचं अपील आज मंत्र्यांपर्यंत जाऊ शकतं. तिथे पक्ष पाहिला जात नाही, असं किती जणांना छातीवर हात ठेवून म्हणता येईल? घटनेतला एक फरकही दुरुस्त व्हायला हवा: पालिका बरखास्त करण्यापूर्वी तिचं म्हणणं ऐकलंच पाहिजे असं २४३-यू सांगतो, पंचायतींसाठीच्या २४३-ई मध्ये हे वाक्य नाही.

आणि भ्रष्टाचाराचं म्हणाल, तर तो मंत्रालयातही होतोच. फरक इतकाच की गावातल्या टाकीच्या कामाचं सिमेंट कुणी खाल्लं हे गावाला माहीत असतं, आणि जाब विचारायला रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही.

सामान्य नागरिक यात काय करू शकतो?

गावात असाल तर ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार सभा कायद्याने बंधनकारक आहेत. आराखड्यात कोणतं काम बंधित निधीतून आहे आणि कोणतं अबंधित, हे विचारा. कार्यवृत्तावर सही करण्यापूर्वी ते वाचून दाखवायला सांगा. शहरात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली, पण त्या क्वचितच भरतात. आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र देऊन ती बोलवायला सांगता येतं, आणि अशी पत्रं दहा-वीस जणांनी दिली तर त्यांची दखल घ्यावी लागते. तुमच्या महापालिकेचे कोणते ठराव गेल्या पाच वर्षांत कलम ४५१ खाली स्थगित किंवा विखंडित झाले, आणि कोणत्या कारणांनी, याची माहिती अधिकारात मागणी करा. अर्ज महापालिकेच्या नगरसचिवांकडे आणि नगरविकास खात्याकडे, दोन्हीकडे टाका. प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की हरकती-सूचनांसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या काळात नकाशा घेऊन बसा आणि तुमची वस्ती मध्येच तोडली असेल तर हरकत नोंदवून सुनावणीला हजर राहा.